दुसऱ्या चित्रपटाचं काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्लिन महोत्सवात डाग योहान हाउगेरुडच्या ‘ड्रीम्स’ने सुवर्ण अस्वल हा तिथला सर्वोच्च पुरस्कार पटकावला. नॉर्वेच्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. तीनच महिन्यांनी फ्रान्समधल्या कान महोत्सवात योआकिम ट्रिअरच्या ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’ला ग्रां प्री हा तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी तिथेच हाल्फदान उल्मान टोन्डेलला ‘आरमांड’साठी पदार्पणाचा कॅमेरा द’ऑर मिळाला होता. सगळ्या देशाची वस्ती पंचावन्न लाखांच्या आसपास. तेव्हापासून आपल्याकडे सिनेमावाल्यांच्या गप्पांत नॉर्वे निघाला की दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक, ‘त्यांच्याकडे तेल आहे हो, त्यांना काय!’ दुसरं, ‘त्यांचं सरकार पैसे देतं, आपलं देत नाही.’ पहिलं वाक्य विषय झटकायला, दुसरं गळा काढायला. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण बोलतात एकाच गोष्टीबद्दल : रक्कम किती.

माझं म्हणणं असं की हा वाद चुकीच्या टोकाने धरलेला आहे. पैसा लागतो, त्याशिवाय कॅमेरा हलत नाही, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. पण नॉर्वेत जे घडलं ते समजून घ्यायचं तर पैसा कुणाच्या हातात पडतो, कोणत्या टप्प्यावर पडतो आणि तो धरून ठेवणारा माणूस दिग्दर्शकाजवळ किती वर्षं थांबतो, हे बघावं लागतं. तिथल्या निर्मितिसंस्था लहान आहेत. त्या एकेका दिग्दर्शकाला धरून राहतात आणि एका चित्रपटाचं काय झालं यापेक्षा पुढचा कोणता, हा प्रश्न त्यांच्या धंद्याच्या मुळाशी असतो. सार्वजनिक पैशाचा हिशेबही चित्रपटागणिक मांडायचं सोडून कारकिर्दीगणिक मांडला पाहिजे.

हाउगेरुडचंच बघा. जन्म १९६४चा, पेशाने ग्रंथपाल, शिवाय कादंबरीकार. पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला २०१२ साली, म्हणजे पन्नाशीकडे झुकताना. तो काढला मोटलिस या ओस्लोतल्या संस्थेने, निर्माता इंग्वे सेथर. मग २०१९मध्ये ‘बार्न’ आला : शाळेच्या मैदानात एका मुलाचा मृत्यू, आणि त्याभोवती मोठी माणसं अडीच तासांहून जास्त वेळ बोलत राहतात. संस्था तीच. त्याला पुढच्या वर्षी नॉर्डिक कौन्सिलचा चित्रपट पुरस्कार मिळाला. त्यानंतर ‘सेक्स’, ‘लव्ह’ आणि ‘ड्रीम्स’ ही त्रयी, पुन्हा मोटलिसच. पहिल्या चित्रपटापासून सुवर्ण अस्वलापर्यंत तेरा वर्षं. या तेरा वर्षांत कुठल्याही एका वर्षी थांबून ताळेबंद मांडला असता तर शहाण्या हिशेबनिसाने सल्ला दिला असता की हा गृहस्थ सोडा, तरुण कुणीतरी बघा.

आणि चित्रपट तरी कसे? ‘सेक्स’च्या सुरुवातीला धुराडी साफ करणारे दोन कामगार बसून बोलतात. एकाला स्वप्न पडलंय, त्यात डेव्हिड बोवी त्याच्याकडे बाईकडे बघावं तसा बघतो. दुसरा सहज सांगून टाकतो की एका पुरुष गिऱ्हाइकाशी आपला शरीरसंबंध आला, आणि तरी तो स्वतःला समलैंगिक समजत नाही, बायकोलाही त्याने ते सांगून टाकलंय. हे अंधेरीच्या एखाद्या ऑफिसात नॅरेशनला बसून सांगून पाहा. समोरचा विचारणार, ‘बरं, मग पुढे काय होतं?’ पुढे ते आणखी बोलतात. ‘आणि स्टारकास्ट?’ इथेच चहा संपतो. हे ऐकून निर्मात्याने मान डोलवायची तर त्याला या माणसाचं बोलणं पडद्यावर काय करतं हे आधी माहीत असावं लागतं. ते एका बैठकीत कळत नाही. आधीच्या दोन चित्रपटांच्या संकलनाच्या खोलीत बसून कळतं.

आता तेलाकडे येऊ, कारण तो आक्षेप खोटा नाही. नॉर्वे श्रीमंत आहे. दोन चित्रपटांच्या मधली तीन-चार वर्षं काम नसलेला माणूस तिथे रस्त्यावर येत नाही. दवाखाना, मुलांची शाळा यांसाठी त्याला मालिकांचे भाग लिहीत बसावं लागत नाही. ही सोय थोडीथोडकी नव्हे आणि ती नाकारून आपल्या तरुणांना ‘बघा, जिद्द असली की होतं’ असं सांगणं हा निव्वळ दुष्टपणा ठरेल. पण तेल हीच किल्ली असती तर कुवेतच्या दिग्दर्शकांची नावं आज आपल्याला तोंडपाठ असती. शिवाय तारखा जुळत नाहीत. उत्तर समुद्रात एकोफिस्कचा साठा सापडला तो १९६९ साली. नॉर्वेचा चित्रपट कायदा १९१३चा. त्याने चित्रपट दाखवण्याचे परवाने द्यायचा अधिकार नगरपालिकांना दिला, आणि पालिकांनी हळूहळू चित्रपटगृहं स्वतःच चालवायला घेतली. मासेमारीवर आणि बोटींवर जगणाऱ्या देशाने घेतलेला निर्णय होता तो. १९३२मध्ये पालिकांनीच मिळून नॉर्स्क फिल्म ही निर्मितिसंस्था काढली, तीन वर्षांनी ओस्लोजवळ यार इथे तिचा स्टुडिओ उभा राहिला. म्हणजे सिनेमा ही सार्वजनिक बाब आहे, हा समज तेलाच्या किती आधीचा!

या पालिकांच्या कारभाराची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण सरकारी पैशाचे भक्त ती सोयीस्कर विसरतात. चित्रपटगृहांत पैसा चांगला जमत होता, पण तो सिनेमा काढण्यात जाईच असं नव्हतं. ओस्लोतलं पहिलं मुंक संग्रहालय १९६३ साली उघडलं ते पालिकेच्या चित्रपटगृहांच्या नफ्यातून बांधलेलं. चित्रकलेचं भलं झालं, आनंद आहे. पण त्याच शहरात, त्याच काळात एरिक लोकेन नावाचा दिग्दर्शक काय करत होता?

लोकेन हे माझ्या युक्तिवादातलं सगळ्यात दुखरं उदाहरण आहे. त्याचा ‘याक्टेन’ हा पहिला चित्रपट १९५९चा, पुढच्या वर्षी कानच्या स्पर्धेत गेलेला. पात्रं निवेदकाशी हुज्जत घालतात, काळ उलटासुलटा होतो. फ्रान्समधली नवी लाट नुकतीच उसळत होती त्या वेळचं हे काम. असा माणूस मिळाल्यावर देशाने काय करावं? दुसरा चित्रपट यायला १९७२ साल उजाडलं. तोही अचाट : पाच रिळं, कुठल्याही क्रमाने लावली तरी चालतील अशी रचलेली, म्हणजे एकशेवीस वेगवेगळे चित्रपट. आणि मग? पूर्ण लांबीचं तिसरं काम झालंच नाही. अखेरच्या वर्षांत तो नॉर्स्क फिल्मचा कलाप्रमुख झाला आणि १९८३मध्ये गेला. गुण होते, पहिल्याच फटक्यात परदेशी मान्यता होती, स्वतःची मंडळी जमवून काढलेली संस्थाही होती. नव्हतं ते एवढंच की आज एक चित्रपट संपला तर उद्या दुसऱ्याच्या लेखनासाठी पैसे आणि सोबती मिळतील याची शाश्वती.

योआकिम ट्रिअर हा या लोकेनचा नातू. २००६मध्ये ‘रिप्रीज’, मग २०११, २०१५, २०१७, २०२१ आणि २०२५ : एकोणीस वर्षांत सहा चित्रपट. नातवाला आजोबांपेक्षा तिप्पट अक्कल आहे, असं कुणी म्हणणार नाही. फरक पडला तो मधल्या व्यवस्थेत. २००१मध्ये नॉर्स्क फिल्म हा जुना डोलारा मोडीत निघाला, पैसा वाटणारा स्वतंत्र निधी आला, आणि खासगी निर्मितिसंस्था कामाच्या केंद्रस्थानी आल्या. पुढे २००८मध्ये तो निधी नॉर्वेजियन चित्रपट संस्थेत विलीन झाला. या संस्थेकडून पटकथा घडत असतानाच, चित्रीकरणाच्या कितीतरी आधी, पैसे मिळू शकतात. अर्ज करते निर्मितिसंस्था. दिग्दर्शकाने स्वतः कर्जदार व्हायचं नसतं.

ट्रिअर एकाच संस्थेत राहिला नाही, हे इथे कुणी लक्षात आणून देईल. बरोबर आहे. पण माणसं बघा. ‘लाउडर दॅन बॉम्ब्ज’ आणि ‘थेल्मा’ हे मोटलिसचे, ‘द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड’ ओस्लो पिक्चर्सचा, आणि निर्माता थॉमस रोब्साम तिन्हीकडे. सहलेखक एस्किल वोग्ट सहाही चित्रपटांत. वोग्टचा स्वतःचा पहिला चित्रपट ‘ब्लाइंड’ पुन्हा मोटलिसचाच. अभिनेत्री रेनाटे राइन्सवे २०११च्या चित्रपटात जेमतेम दिसते, आणि दहा वर्षांनी तिच्यासाठी लिहिलेल्या भूमिकेने तिला कानचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवून दिला. दहा वर्षं कुणीतरी तिला लक्षात ठेवलं होतं. हे लक्षात ठेवणं कुठल्या सरकारी योजनेत लिहिता येतं?

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ट्रिअर लोकेनचा नातू, उल्मान टोन्डेल हा अभिनेत्री लिव्ह उल्मान आणि विख्यात स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा नातू. मग ‘गुणवान दिग्दर्शक’ म्हणजे चांगल्या घरातले, एकमेकांना ओळखणारे ओस्लोचे लोक, आणि करदात्याच्या पैशावर चाललेली ही सुसंस्कृत घराणेशाहीच ना? यात तथ्य आहे. ज्याच्या घरी जेवताना संकलनावर बोललं जातं त्याला पहिला अर्ज कसा लिहायचा हे कळतं. ओस्लोच्या सुशिक्षित मध्यमवर्गाचे उदास प्रेमप्रसंग या चित्रपटांत जरा जास्तच येतात, हेही कबूल. कोणत्या चित्रपटाला सरकारी पैसा द्यायचा हे निवडणाऱ्या एखाद्या सल्लागाराच्या आवडीनिवडीवर निर्णय ठरतो तिथे त्याच्यासारख्याच माणसांना झुकतं माप मिळणार, हा मनुष्यस्वभाव.

पण त्यावर उपाय काय? सगळं बाजारावर सोडलं तर घराणी संपतात का? याचं उत्तर मुंबईच्या प्रेक्षकाला कुणी सांगायला नको. उलट नॉर्वेतली बाहेरची माणसं आत आली ती याच चिकाटीच्या मार्गाने. ईराम हक ही पाकिस्तानी आईबापांची मुलगी. तिचा २०१३चा पहिला चित्रपट मेर फिल्मने काढला, निर्माती मारिया एकरहोव्ड. तो नॉर्वेने ऑस्करला पाठवला. त्यावर समाधान मानून एकरहोव्डला दुसरीकडे बघता आलं असतं. तिने हकचा दुसराही काढला, ‘व्हॉट विल पीपल से’. ओस्लोत वाढलेल्या मुलीला बाप फसवून पाकिस्तानात नेतो, या गोष्टीचा पाकिस्तानातला भाग भारतात चित्रित झाला आणि बापाच्या भूमिकेसाठी आपल्या आदिल हुसेनला २०१८मध्ये नॉर्वेचा आमांडा पुरस्कार मिळाला. पहिला चित्रपट कुणालाही, कसाही, एकदा मिळून जाऊ शकतो. वैविध्याच्या नावाने एक फोटो काढून घेतला की सगळ्यांचं समाधान होतं. खरी परीक्षा दुसऱ्याची. बाहेरून आलेल्याजवळ ओळखी नसतात, म्हणून त्याला पाठीशी उभ्या राहणाऱ्या संस्थेची गरज नातवांपेक्षा कितीतरी जास्त असते.

याची उलटी बाजू १९८७च्या ‘व्हेइव्हिसेरेन’मध्ये दिसते. निल्स गाउपचा तो पहिलाच चित्रपट, उत्तरेतल्या मूळनिवासी सामी लोकांच्या भाषेतला, तिथल्याच बर्फातला. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, जगभर नाव झालं. सामी सिनेमाची लाट मात्र त्यामागोमाग उसळली नाही. दिग्दर्शक लवकरच डिस्नेच्या पैशावर दर्यावर्दी साहसपट करत होता. त्यात त्याची चूक काहीच नाही. बोलावणं तिथून आलं. पण एका भाषेची पडद्यावरची परंपरा एका यशस्वी चित्रपटाने उभी राहत नाही, एवढं त्यातून दिसतं.

राहिला तिसरा आक्षेप : हे चित्रपट बघतं कोण? उत्तरेकडच्या एखाद्या बंदरातल्या कोळ्याने ओस्लोतल्या दोन माणसांच्या गप्पांसाठी कर का भरावा? प्रश्न रास्त आहे आणि ‘कला आहे, तुम्हाला नाही कळायची’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. नॉर्वेने यावर दोन गोष्टी केल्या. कलात्मक निवड करणाऱ्या सल्लागारांच्या रस्त्याशेजारीच प्रेक्षक खेचू शकणाऱ्या चित्रपटांचा वेगळा रस्ता ठेवला, आणि तिकीटविक्रीच्या प्रमाणात निर्मात्याला नंतर मिळणारी मदत ठेवली. त्यामुळे रिकाम्या खुर्च्यांबद्दल बेफिकीर राहणं निर्मात्याला परवडत नाही. ‘मॅक्स मानुस’ या २००८च्या युद्धपटाची दहा लाखांहून जास्त तिकिटं खपली, देशाची वस्ती पन्नास लाखांच्या आत असताना. आणि तो काढणाऱ्या फिल्मकामेराटेनेनेच वर सांगितलेला गाउपचा सामी चित्रपटही काढला होता. धंदेवाईक आणि कलात्मक अशी भिंत घालून बसलेल्यांनी यावर जरा विचार करावा.

नॉर्वेचा सर्वांत जास्त पाहिलेला देशी चित्रपट तर सल्लागारांच्या या व्यवस्थेच्या फार आधीचा. इव्हो काप्रिनोचा ‘फ्लोक्लिपा ग्रां प्री’, १९७५चा बाहुलीपट. चाळीस लाखांच्या देशात पन्नास लाखांवर तिकिटं खपली. माणसं पुन्हा पुन्हा गेली, पुढे नातवंडांना घेऊन गेली. याची जन्मकथा मात्र कमी सांगितली जाते. काप्रिनोने आधी टीव्हीसाठी छोटा कार्यक्रम करायला घेतला होता. दीड वर्ष खपून लक्षात आलं की जमत नाही, आणि काम सोडून दिलं. बाहुल्या उरल्या. त्या बाहुल्यांसाठी नवी गोष्ट रचली गेली आणि मूठभर माणसांनी स्टुडिओत साडेतीन वर्षं घालून, एकेक चौकट हलवत चित्रपट पुरा केला. त्या वाया गेलेल्या दीड वर्षाचा हिशेब कुठल्या रकान्यात धरायचा? सरकारी लेखापरीक्षक ‘निष्फळ खर्च’ लिहील. तो खर्च झाला नसता तर बाहुल्याच नसत्या. काप्रिनोचा स्टुडिओ घरचा होता, म्हणून त्याला हे जमलं. ज्याच्याकडे घरचा स्टुडिओ नाही, त्याच्यासाठी हे काम निर्मितिसंस्थेने करायचं असतं : फसलेल्या गोष्टीतलं काय उरलंय ते ओळखून जपून ठेवायचं.

आपल्याकडे सरकारने काहीच केलं नाही, हे रडगाणंही म्हणूनच पटत नाही. १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं. त्याच्या कर्जावर भारतीय समांतर सिनेमा उभा राहिला. पण शब्द बघा, कर्ज. कितीतरी वेळा दिग्दर्शकच कर्जदार, दिग्दर्शकच निर्माता, आणि डबे पडून राहिले की तोच गुन्हेगार. मधे निर्माता नावाचा इसम उभा करण्याची गरज कुणाला वाटली नाही. महाराष्ट्राचं मराठी चित्रपट अनुदान तर चित्रपट पुरा झाल्यावर त्याची प्रत ठरवून दिलं जातं. म्हणजे घर गहाण टाकून, मित्रांकडून उसने घेऊन चित्रपट काढलेल्याला नंतर हातभार. ज्याच्याकडे गहाण टाकायला घर नाही, त्याची पटकथा या योजनेच्या दारापर्यंत पोचतच नाही. आणि अनुदान मिळालेला माणूस पुढच्या वेळी पुन्हा शून्यावरून सुरू करतो.

पैसा कमी असूनही वेगळं करता येतं, याचा पुरावा मराठीतच आहे. चैतन्य ताम्हाणे ‘कोर्ट’ लिहीत होता तेव्हा विवेक गोंबरने त्याला लेखनाच्या काळात दरमहा पैसे देऊ केले. चित्रीकरण नाही, मुहूर्त नाही, नुसतं न्यायालयांत जाऊन बसणं आणि लिहिणं. २०१४मध्ये व्हेनिसला त्याला ओरिझोंती विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. खरं महत्त्वाचं त्यानंतरचं : सहा वर्षांनी ‘द डिसायपल’ आला तेव्हा निर्माता तोच होता, आणि व्हेनिसने पटकथेचा पुरस्कार दिला. ना तेल, ना निधी. एका माणसाने एका दिग्दर्शकाला धरून राहायचं ठरवलं. पण हे एका माणसाच्या मनावर आणि खिशावर अवलंबून आहे. असे पंचवीस गोंबर निघतील या आशेवर कुठल्या भाषेचा सिनेमा चालत नाही.

म्हणून मागणी करायचीच तर नेमकी करावी. नॉर्वेतला सल्लागार ठरावीक मुदतीसाठी नेमला जातो, मुदत संपली की जातो. ते ठीकच आहे, नाहीतर तोच संस्थानिक होऊन बसेल. मंत्री बदलतात, धोरणं बदलतात. ‘बार्न’ कसा घडला, कोणता प्रसंग सहाव्या खर्ड्यात सुधारला, कोणती नटी पुढच्या वेळी घ्यायची, ही आठवण राहते ती मोटलिस, मेर फिल्म अशा दहा-वीस माणसांच्या कचेऱ्यांत. महाराष्ट्राच्या अनुदानातला एक हिस्सा, पाचवा म्हणा, पुऱ्या झालेल्या चित्रपटांऐवजी अशा संस्थांकडे वळवावा : ज्यांनी एका दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट काढलाय आणि त्याच दिग्दर्शकाच्या दुसऱ्याच्या लेखनाला पैसे हवेत, अशांना, पाच वर्षांच्या मुदतीने. पहिला चित्रपट चालला की पडला, ही अट नको. यातला एखादा दिग्दर्शक पैसे घेऊन काहीच न लिहिता बसेल, हे गृहीत धरूनच योजना आखावी लागेल, आणि तेवढ्यावरून विधानसभेत कुणीतरी कागद फडकवेल. आज पडद्यावर दोन दिवसही न टिकलेल्या चित्रपटांवर पैसा जातोच आहे. त्यावर कुणी कागद फडकवत नाही, कारण त्याची पावती व्यवस्थित असते.